शब्दांच्या जाती आणि संगणक

‘वर’ या शब्दाची जात कोणती? सातवी-आठवीच्या वर्गात हा प्रश्न विचारला तर उत्तरे निरनिराळी येतील. ‘तो वर गेला’ या वाक्यात ते क्रियाविशेषण अव्यय आहे. ‘झाडावर पक्षी बसला’ यात शब्दयोगी अव्यय आहे. ‘देवाने वर दिला’ आणि ‘वर मांडवात आला’ या दोन्ही वाक्यांत ते नाम आहे, आणि तीही दोन निराळी नामे. नुसता ‘वर’ फळ्यावर लिहून त्याची जात विचारण्यात अर्थ नाही. शब्दाची जात त्याच्या वाक्यातल्या कामावरून ठरते, हे व्याकरण शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही परीक्षेत अधोरेखित शब्दापुढे एकच उत्तर बरोबर धरले जाते आणि दुसरे लिहिणाऱ्याचा गुण जातो.

माणसाला हा निर्णय करायला क्षणही लागत नाही. संगणकाला तो शिकवण्यात मात्र संशोधकांची तीन दशके गेली. त्या खटाटोपाचा इतिहास आपण येथे पाहणार आहोत. यंत्रे बनवणाऱ्यांना त्याचा उपयोग झालाच. पण आमच्या मते शिक्षकांनीही तो वाचण्यासारखा आहे, कारण शब्दजातींच्या बाबतीत ‘बरोबर उत्तर’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्यात फार उघडपणे पुढे आला.

आठाचा आकडा

मराठीत शब्दांच्या जाती आठ, हे आपण इतक्या लहानपणी पाठ करतो की तो निसर्गनियम असावा असे वाटू लागते. प्रत्यक्षात हा आकडा भाषेगणिक आणि व्याकरणकारागणिक बदलला आहे. यास्काच्या निरुक्तात नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात अशा चारच जाती आहेत. पाणिनीचे काम तर दोन गटांत भागते: सुबन्त आणि तिङन्त. अव्ययांनाही तो सुबन्तांतच बसवतो, त्यांच्या प्रत्ययाचा लोप झाला असे मानून. ग्रीक परंपरेत डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या व्याकरणात आठ जाती दिसतात, पण त्या आपल्या आठ नव्हेत. विशेषण त्या यादीत नाही, ते नामातच मोडे. उलट धातुसाधिताला स्वतंत्र जात होती आणि उपपदालाही. पुढे लॅटिन व्याकरणकारांपुढे अडचण आली, कारण त्यांच्या भाषेत उपपदच नव्हते. त्यांनी केवलप्रयोगी अव्यय वेगळे काढले आणि आठाचा आकडा राखला! मराठीत दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता आणि इंग्रजीपुढे लॅटिनचा. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चे. शाळेत आपण शिकवतो ती चौकट या परंपरेतून आली आहे.

यंत्राला या जातींशी काय कर्तव्य? एक साधे उदाहरण घेऊ. ‘आजीने खाऊ दिला’ आणि ‘आपण नंतर खाऊ’ या वाक्यांचे भाषांतर यंत्राकडून करवायचे असेल, तर पहिला ‘खाऊ’ नाम आहे आणि दुसरा क्रियापद, हे त्याला आधी कळले पाहिजे. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या यंत्राचीही हीच गरज असते. इंग्रजीतला ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम असेल तर आघात पहिल्या अवयवावर येतो, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर.

या दिशेने पहिले प्रयत्न झाले ते अमेरिकेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झेलिग हॅरिस यांच्या मार्गदर्शनाखाली १९५८–५९ मध्ये युनिव्हॅक यंत्रावर एक आज्ञावली लिहिली गेली. शब्दाची जात ठरवण्यासाठी तिच्यात हाताने लिहिलेले चौदा नियम होते. १९६३ मध्ये क्लाइन आणि सिमन्स यांनी आपल्या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांची जातींची यादी तीसची होती. त्या काळी यंत्राची स्मृती फार तोकडी आणि मोठा शब्दकोश भरणे हे कष्टाचे काम. म्हणून त्यांनी युक्ती अशी केली की ‘द’, ‘ऑफ’, ‘अँड’ यांसारखे सुमारे चारशे शब्द आणि अपवादात्मक असे सुमारे दीड हजार शब्द तेवढे कोशात ठेवले. बाकी सगळ्यांची ओळख शब्दाच्या शेपटावरून आणि आजूबाजूच्या शब्दांवरून. मुलांसाठी असलेल्या एका विश्वकोशाच्या काही पानांवर ही पद्धत चालवून पाहिली, तेव्हा सुमारे ९० टक्के शब्दांना बरोबर जात मिळाली. हा आकडा ध्यानात ठेवावा, त्याकडे पुन्हा यावे लागणार आहे.

कार्डांवरचे दहा लाख शब्द

थोड्या पानांवर पद्धत चालते म्हणून ती सगळ्या भाषेवर चालेल असे कसे म्हणावे? पडताळ्यासाठी खऱ्या लेखनाचा मोठा साठा हवा होता. तो ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथल्या ब्राउन विद्यापीठात तयार झाला. डब्ल्यू. नेल्सन फ्रान्सिस हे तेथे इंग्रजीचे अभ्यासक होते. त्यांचे सहकारी हेन्री कुचेरा मूळचे चेकोस्लोव्हाकियाचे, १९४८ च्या कम्युनिस्ट सत्तांतरानंतर देश सोडून आलेले. या दोघांनी अमेरिकेत १९६१ साली छापून आलेल्या मजकुरातून ५०० नमुने निवडले, प्रत्येक सुमारे दोन हजार शब्दांचा. बातम्या, अग्रलेख, धार्मिक लेखन, छंद, शास्त्रीय निबंध, कादंबऱ्या असे पंधरा विभाग. एकूण दहा लाखांहून थोडे अधिक शब्द. अशा निवडक, मोजूनमापून जमवलेल्या साठ्याला कॉर्पस म्हणतात. ब्राउन कॉर्पस १९६४ मध्ये इतर संशोधकांसाठी खुला झाला.

सगळा मजकूर छिद्रांच्या कार्डांवर उतरवावा लागला. एका कार्डावर ऐंशी अक्षरांची जागा. दहा लाख शब्दांना किती कार्डे लागली असतील याचा अंदाज विद्यार्थ्यांना करायला सांगावा. सत्तर-ऐंशी हजारांच्या खाली उत्तर येणार नाही.

हे काम सुरू असताना त्याला मान मिळत होता असे मात्र नाही. चॉम्स्की यांच्या विचारांचा तो भराचा काळ होता. भाषाशास्त्रज्ञाला स्वतःची मातृभाषा येत असताना त्याने छापील कागद गोळा कशाला करायचे, असा सूर होता. फ्रान्सिस यांनीच पुढे लिहून ठेवले आहे, की भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट लीझ यांना हा प्रकल्प कळला तेव्हा त्यांनी तो वेळेचा आणि सरकारी पैशाचा निव्वळ अपव्यय ठरवला. त्यांचे म्हणणे असे, की एवढ्या शब्दांतून जी उदाहरणे सापडायची, त्याहून अधिक तुम्ही बसल्या जागी दहा मिनिटांत रचू शकाल. उदाहरणे रचता येतात हे खरे. पण कोणती गोष्ट किती वेळा घडते, हे रचून कळत नाही. ब्राउन कॉर्पसात ‘द’ हा एकच शब्द ६९,९७१ वेळा येतो, म्हणजे दर शंभर शब्दांत जवळजवळ सात वेळा. हे मोजल्याशिवाय कोणत्या इंग्रजी भाषकाला सांगता आले असते?

या दहा लाख शब्दांना जातींच्या चिठ्ठ्या लावण्याचे काम ग्रीन आणि रुबिन यांच्या ‘टॅगिट’ नावाच्या आज्ञावलीने केले. ती १९७१ ची. येथे जाती ८६ होत्या. एवढ्या कशा? एकवचनी नाम वेगळे, अनेकवचनी वेगळे, ‘असणे’ या अर्थाच्या क्रियापदाच्या रूपांना वेगळ्या चिठ्ठ्या, आणि नकार दाखवणाऱ्या ‘नॉट’ला स्वतःची एक. आधी सुमारे ३,००० शब्दांचा कोश पाहायचा, मग सुमारे ४५० शेपटांची यादी, आणि तरीही एकाहून अधिक जाती शक्य राहिल्या तर शेजारच्या शब्दांवरून निवाडा करणारे सुमारे ३,३०० नियम चालवायचे. एवढे करून ७७ टक्के शब्दांचा निकाल लागला. उरलेले दोन लाखांवर शब्द माणसांनी एकेक करून पाहिले. चिठ्ठ्या लावलेला कॉर्पस हाती यायला सत्तरचे दशक संपत आले.

आधीचा आकडा ९० टक्के आणि आता ७७? पद्धत मागे गेली असे कोणी म्हणू नये. आधी जाती तीस होत्या, आता ८६. आधी काही पाने होती, आता धर्मग्रंथापासून विज्ञानकथेपर्यंत सगळे. वर्गातल्या चाचणीचा आणि बोर्डाच्या परीक्षेचा निकाल शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, तसेच हे.

शेजाऱ्यावरून ओळख

ब्राउन कॉर्पसाला साजेसा ब्रिटिश इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा कॉर्पस लँकेस्टर, ऑस्लो आणि बर्गन या तीन ठिकाणच्या अभ्यासकांनी १९७८ पर्यंत पुरा केला. त्याला चिठ्ठ्या लावण्याचे काम लँकेस्टरला जेफ्री लीच, रॉजर गारसाइड आणि इयन मार्शल यांच्याकडे होते. टॅगिटचे नियम तपासताना एक गोष्ट लक्षात आली: हजारो नियमांचे बहुतेक काम अगदी लगतचा एक शब्द पाहूनच होत होते. मग नियम हाताने लिहायचेच कशाला? कोणत्या जातीनंतर कोणती जात किती वेळा येते, हे ब्राउन कॉर्पसावरून मोजता येत होते, कारण त्याला आता चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. माणसांनी हाताने केलेले ते कंटाळवाणे काम पुढच्या यंत्राचे पाठ्यपुस्तक बनले. ही पद्धत ‘क्लॉज’ या नावाने ओळखली जाते, आणि तिने ९६ ते ९७ टक्के शब्दांना बरोबर चिठ्ठ्या लावल्या.

यामागची कल्पना जुनी आहे. रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांनी १९१३ मध्ये पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या काव्यातली पहिली २०,००० अक्षरे हाताने मोजली. त्यांत ८,६३८ स्वर निघाले, म्हणजे सुमारे ४३ टक्के. पण आधीचे अक्षर स्वर असेल तर पुढचेही स्वर असण्याची शक्यता १३ टक्क्यांपर्यंत उतरत होती, आणि आधीचे व्यंजन असेल तर ती ६६ टक्क्यांवर चढत होती. शेजारी कोण आहे हे कळले की अंदाज बदलतो. मार्कोव्हना भाषेत फारसा रस नव्हता, त्यांना संभाव्यतेचा एक सिद्धान्त दाखवायचा होता. भाषेवर काम करणाऱ्यांनी तो पुढे उचलला.

मराठीतले उदाहरण घेऊन ही रीत पाहू. घरात सर्दी-खोकला आहे आणि आई म्हणते, ‘काढा काढा.’ या दोनही शब्दांना नाम आणि क्रियापद अशा दोन जाती शक्य आहेत, म्हणजे एकूण चार वाटा. आता मानू की वाक्याची सुरुवात शंभरांत ४० वेळा नामाने होते आणि ५ वेळा क्रियापदाने. नामानंतर शंभरांत ३० वेळा क्रियापद येते, २५ वेळा नाम, आणि ५ वेळा वाक्यच संपते. क्रियापदानंतर ८० वेळा वाक्य संपते, ५ वेळा नाम येते, ४ वेळा क्रियापद. (हे आकडे आम्ही केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.) ‘नाम-क्रियापद’ या वाटेचा गुणाकार ०.४० × ०.३० × ०.८० म्हणजे ०.०९६ येतो. ‘नाम-नाम’ची वाट ०.४० × ०.२५ × ०.०५, म्हणजे ०.००५. ‘क्रियापद-क्रियापद’ची ०.०५ × ०.०४ × ०.८०, म्हणजे ०.००१६. चौथी याहूनही खाली जाते. यंत्र पहिली वाट निवडते, आणि बहुधा तेच बरोबर आहे. मात्र चुलीवरचे भांडे करपत असेल आणि आई घाईने तेच दोन शब्द उच्चारत असेल, तर तिसरी वाट खरी. यंत्राला स्वयंपाकघर दिसत नाही.

सलग दहा शब्द असे दुटप्पी असले आणि प्रत्येकाला तीन जाती शक्य असल्या, तर वाटा किती होतील? तीनाचा दहावा घात, ५९,०४९. त्या सगळ्यांचे गुणाकार करणे म्हणजे यंत्राचा वेळ फुकट घालवणे. १९८८ मध्ये ब्राउन विद्यापीठातले स्टीव्हन डीरोझ आणि बेल प्रयोगशाळेतले केनेथ चर्च यांनी, प्रत्येकाने आपापल्या शोधनिबंधात, यावर उपाय मांडला. प्रत्येक शब्दापाशी थांबून, त्याच्या प्रत्येक जातीपर्यंत येणारी सर्वांत चांगली वाट तेवढी ठेवायची आणि बाकीच्या टाकून द्यायच्या. मग एका सांध्यावर नऊ तुलना, नऊ सांध्यांवर ८१. एसटीने लांबचा प्रवास आखताना पुण्यापर्यंतचा सर्वांत जवळचा रस्ता एकदा कळला की पुढच्या प्रत्येक गावासाठी तो नव्याने शोधावा लागत नाही, त्यातलाच प्रकार.

डीरोझ यांच्या मोजणीतली आणखी एक गोष्ट शिक्षकांना रस वाटेल अशी आहे. ब्राउन कॉर्पसातल्या निरनिराळ्या शब्दांपैकी एकाहून अधिक जाती असलेले शब्द फक्त ११.५ टक्के निघाले. पण प्रत्यक्ष मजकुरात पाहिले तर दर शंभर शब्दांत चाळीसहून अधिक शब्द असे दुटप्पी! जे शब्द आपण सतत वापरतो, नेमके तेच अनेक कामे करतात. शब्दकोश चाळून भाषा सोपी वाटते आणि वाक्य हाती घेतल्यावर अवघड होते, त्याचे हे एक कारण.

बरोबर म्हणजे काय?

९७ टक्के म्हणजे काम झाले, असे वाटेल. पण प्रत्येक शब्दाला त्याची सर्वांत नेहमीची जात डोळे मिटून लावली, शेजारी पाहिलेच नाही, तरी इंग्रजीत सुमारे ९० टक्के उत्तरे बरोबर येतात. म्हणजे सगळी झुंज शेवटच्या दहांसाठी आहे. शिवाय वीस शब्दांचे वाक्य घेतले तर त्यातले सगळे शब्द बरोबर असण्याची शक्यता ०.९७ चा विसावा घात, म्हणजे ०.५४ च्या आसपास. जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या वाक्यात एक तरी चूक.

पण चूक ठरवणार कोण? अर्थात माणूस. येथे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला एक प्रयोग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९८९ पासून तेथे मिचेल मार्कस यांच्या गटाने चिठ्ठ्या लावलेला आणखी मोठा संग्रह उभारायला घेतला आणि १९९३ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांनी शब्दांच्या जाती ३६ वर आणल्या. मग प्रशिक्षित माणसांना तोच मजकूर वेगवेगळा देऊन त्यांची उत्तरे ताडून पाहिली. कोऱ्या मजकुराला चिठ्ठ्या लावताना त्यांच्यात सरासरी ७.२ टक्के शब्दांवर मतभेद निघाला. यंत्राने आधी चिठ्ठ्या लावल्या आणि माणसांनी फक्त दुरुस्त केल्या, तेव्हा मतभेद ४.१ टक्क्यांवर आला. हे सगळे भाषेचे जाणकार होते, लेखी सूचना पाठ केलेले. तरी शंभरांत चार-सात शब्दांवर त्यांचे जमत नव्हते. यंत्राच्या चुका आणि माणसांचे मतभेद एकाच मापाचे झाले. त्यापुढे यंत्राची सुधारणा मोजायची तरी कशाने?

दुसऱ्या प्रयोगात मतभेद उतरला, त्याचा अर्थ कसा लावायचा हेही पाहण्यासारखे आहे. माणसे अधिक अचूक झाली असे म्हणता येईल, किंवा समोर आधीच एक उत्तर असले की माणूस त्याकडे झुकतो असेही. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना हा दुसरा अनुभव परका नसावा.

या गटाने आणखी दोन गोष्टी केल्या. इंग्रजीतला ‘टू’ कोठे शब्दयोगी आणि कोठे क्रियापदाचा साथी, हा वाद त्यांनी सोडवलाच नाही; ‘टू’ला स्वतंत्र चिठ्ठी देऊन मोकळे झाले. आणि मजकूर पाहूनही दोन जातींमध्ये निर्णय होत नसेल, तर चिठ्ठी लावणाऱ्याला दोन्ही लिहिण्याची मुभा दिली. पगारी जाणकारांना असलेली ही मुभा आपल्या विद्यार्थ्यांना नाही. ‘ती गोड गाते’ यात ‘गोड’ला क्रियाविशेषण म्हणणारा मुलगा आणि ‘ते मूळचे विशेषणच आहे, येथे क्रियापदाजवळ आले आहे’ असे म्हणणारी मुलगी, या दोघांनी विचार केलेला आहे. कारण न विचारता एकाला गुण आणि दुसरीला शून्य देणे आम्हाला पटत नाही.

मराठीचा प्रश्न

या इतिहासात महाराष्ट्राचे पाऊल लवकर पडले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांनी भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा कॉर्पस तयार केला. आराखडा ब्राउनचाच, नमुने पाचशेच, पण मजकूर भारतात १९७८ साली छापलेला. १९८६ मध्ये तो संशोधकांच्या हाती आला. ‘कोल्हापूर कॉर्पस’ हे नाव भाषाशास्त्राच्या जगात आजही चालते. तो मुळात चिठ्ठ्यांविना होता, आणि अर्थातच मराठीचा नव्हता.

भारतीय भाषांसाठी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९९१ मध्ये कार्यक्रम हाती घेतला, आणि त्यातून मराठीसह अनेक भाषांचे संग्रह तयार होऊ लागले. पुढे मुंबईच्या आयआयटीत पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने मराठीचे शब्दजाल उभारले आणि मराठी शब्दरूपे सोडवणाऱ्या आज्ञावल्या केल्या. जगातल्या शंभराहून अधिक भाषांना एकच चौकट लावू पाहणारा एक प्रकल्प २०१४ पासून चालू आहे. त्यात जाती सतरा आहेत, आणि मराठीचा एक छोटा संग्रहही त्यात आहे. २०१८ नंतरच्या मोठ्या भाषिक प्रतिमानांना शब्दजातींची वेगळी पायरी लागेनाशी झाली आहे. अफाट मजकूर वाचून नाम-क्रियापदाचा भेद ती आपोआप उचलतात, असे त्यांच्या आतल्या थरांची तपासणी करणाऱ्यांना आढळले आहे. पण तसा अफाट मजकूर इंग्रजीजवळ आहे. मराठीजवळ त्या मानाने थोडा आहे, म्हणून चिठ्ठ्या लावलेल्या चांगल्या संग्रहाची किंमत मराठीला अजून आहे.

आणि मराठीची अडचण चिठ्ठी लावण्याच्याही आधी सुरू होते. संगणक शब्द ओळखतो तो दोन बाजूंच्या मोकळ्या जागेवरून. हिंदीत ‘पेड़ पर’ हे दोन तुकडे आहेत, ‘पर’ला आपली चिठ्ठी मिळते. मराठीत ‘झाडावर’ हा एकच तुकडा, ‘झाडावरच्या’ हाही एकच, आणि ‘झाडावरच्यांनासुद्धा’ हासुद्धा एकच. एका मार्गाने गेले तर सबंध तुकड्याला ‘नाम’ अशी चिठ्ठी लावायची आणि शब्दयोगी अव्यय त्याच्या पोटात राहू द्यायचे. दुसऱ्या मार्गाने आधी तुकडे पाडायचे आणि ‘वर’ला स्वतंत्र चिठ्ठी द्यायची. पण तुकडे पाडताना ‘झाडा’ हे सामान्यरूप ओळखून मूळ ‘झाड’पर्यंत जावे लागते, आणि ‘सावर’, ‘आवर’, ‘वावर’ यांच्या शेवटचा ‘वर’ कापला जाणार नाही ही काळजी घ्यावी लागते.

पेनसिल्व्हेनियाचा प्रयोग वर्गात करून पाहण्यासारखा आहे. वर्तमानपत्रातला शंभर शब्दांचा उतारा घ्यावा, व्याकरणात हुशार अशा दोन विद्यार्थ्यांना वेगवेगळे बसवून प्रत्येक शब्दाची जात लिहायला सांगावे, आणि किती ठिकाणी उत्तरे जुळत नाहीत ते मोजावे. न जुळलेल्या प्रत्येक शब्दावर दोघांनी आपापले कारण सांगावे. मात्र सुरुवात करण्यापूर्वी एक गोष्ट त्यांच्याशी बोलून ठरवून घ्यावी लागेल: ‘झाडावर’ हा एक शब्द मोजायचा की दोन?